मुंबईहून मागवलेली किंचाळी

जळकोटच्या भिमाबाई बनसोडेला उभ्या जन्मात सगळ्यांनी मिळून एकच उपदेश केला. "बाई, जरा हळू बोल." लहानपणी तो आईनं केला, लग्न झाल्यावर सासूनं केला, आणि सासू गेल्यावर ते काम नवऱ्यानं अंगावर घेतलं. भिमाबाई घरात मीठ मागायची ते वेशीपर्यंत ऐकू जायचं. तिनं वस्तीत शेळीला हाक मारली की वरच्या आळीतल्या बायका नाकं मुरडायच्या, "त्या बाईला काही रीतभात?" त्यांच्या दावणीच्या शेळ्यासुद्धा त्या हाकेला ओ द्यायच्या, हे मात्र त्या कधी बोलून दाखवत नसत.

नवरा कोंडिबा अगदी उलटा. रात्रशाळेत शिकलेला, वर्तमानपत्र ओठ न हलवता वाचणारा. त्याचा आवाज कसा आहे यावर गावात दोन मतं होती, कारण तो फारसा कुणी ऐकलाच नव्हता. लोक म्हणायचे, दोघांच्या वाट्याचा आवाज एकटीच घेऊन बसलीय. कोंडिबा त्यावरही काही म्हणायचा नाही. फक्त रोज जेवताना खालमानेनं सांगायचा, "हळू बोल की जरा. मानसं ऐकतेत." आणि भिमाबाई खरोखरच दोन घास हळू बोलायची.

बहात्तरच्या दुष्काळानं माणसं शहाणी झाली असं म्हणतात. पाणी नव्हतं, पण सहकार होता. पुढं पाऊस जसजसा हात आखडता घेत गेला तसतशा सोसायट्या वाढत गेल्या. गोठ्यात दूध नव्हतं तेव्हा दूध सोसायटी झाली. तलावाच्या तळाला भेगा पडल्या त्या वर्षी मच्छीमार सोसायटी निघाली, आणि तिचे चेअरमन झाले महालिंगप्पा, ज्यांच्या घरात सात पिढ्यांत माशाचा काटा शिरला नव्हता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं अडाणी माणूस विचारतो. महालिंगप्पा विचारायचे, पोहरा कुठल्या सोसायटीचा आहे?

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांचा भाचा वीरभद्र मुंबईहून परत आला. दोन वर्षं तो तिथं सिनेमात होता. म्हणजे स्टुडिओच्या फाटकासमोर चहा पीत होता, पण मामाला त्यानं आतली हकिकत सांगितली. मुंबईत म्हणे नवीन लाट होती. एक मुखवटेवाला खुनी घ्यायचा, त्याच्या हातात एक धारदार हत्यार द्यायचं, आणि एकापाठोपाठ एक माणसं कापत सुटायचं. ना मोठा नट लागतो, ना गाणी, ना कथा. "खर्च म्हणाल तर मामा, नुसता लाल रंगाचा." हे वाक्य महालिंगप्पांच्या काळजाला भिडलं. पंधरा दिवसांत चित्रपट निर्मिती सहकारी संस्था मर्यादित स्थापन झाली. संस्थेत बाकी काहीही नसलं तरी मर्यादा भरपूर होत्या.

सिनेमाचं नाव ठरलं 'अमावस्येचा कोयता'. पहिल्याच सभेत पहिली अडचण आली. संचालक मंडळानं ठराव मांडला की, पडद्यावर मरणं अशुभ असल्यामुळं कोणत्याही भागधारकाचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा खून होऊ नये. वीरभद्र म्हणाला, "मामा, खून हाच तर सिनेमा आहे." त्यावर एका संचालकानं त्याला समजावलं की खून करायला कुणाची हरकत नाही, फक्त आपल्या माणसाचा करू नका. ठराव बिनविरोध मंजूर झाला. गावात भागधारक नसलेली माणसं एवढीच उरली होती, जी गावाच्या उत्तरेला पाझर तलावाच्या कामावर रोजगार हमीत माती उपसत होती. तेव्हा सिनेमात जितकी माणसं मेली ती सगळी त्या कामावरची मेली. दुपारच्या सुट्टीत ती मरायची आणि सुट्टी संपली की उठून पुन्हा पाट्या उचलायची. मेल्यावरसुद्धा हजेरी चुकवायची सोय नव्हती.

खुनी म्हणून नबीलाल निवडला गेला. हायवेच्या कडेला त्याचं सायकल पंक्चरचं दुकान होतं, आणि गावात सहा फूट उंचीचा तो एकटाच होता. स्वभावानं इतका गरीब की कोंबडी कापायची झाली तर शेजाऱ्याला बोलवायचा. मुखवट्यासाठी पैसा नव्हता, म्हणून खताच्या पोत्याला दोन भोकं पाडून ते त्याच्या डोक्यावर चढवलं. त्यामुळं अमावस्येच्या त्या भयानक खुन्याच्या कपाळावर 'निव्वळ वजन ५० किलो' असं लिहिलेलं शेवटपर्यंत दिसत राहिलं.

दिवे भाड्यानं आणायची ऐपत नसल्यामुळं अमावस्या भर दुपारी घ्यायची ठरली. कॅमेऱ्याच्या भिंगावर निळा कागद लावला की झाली रात्र, असं वीरभद्र म्हणाला. झाली खरी. फक्त त्या अमावस्येला प्रत्येकाच्या पायाशी काळीभोर सावली होती, आणि प्रेतं उन्हानं डोळे बारीक करून पडली होती. रक्त गुळाच्या पाकात लाल रंग घालून केलं होतं. दुष्काळात गोड खायला न मिळालेले मुंगळे आख्ख्या शिवारातून गोळा झाले. मेलेला बब्रुवान अर्धा मिनिट निपचित राहिला आणि मग खाजवायला लागला. प्रसंग पुन्हा घ्यायला फिल्मचा दुसरा रीळ नव्हता. ते खाजवणारं मढं तसंच सिनेमात गेलं.

आता एवढं सगळं सांगून सिनेमात चांगलं काहीच नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. नबीलालचा उजवा गुडघा कधीतरी ट्रकखाली सापडलेला होता. तो चालायला लागला की मागचा पाय मातीवर खर्रर करत यायचा. पोतं, कोयता यांना कुणी विचारत नव्हतं, पण तो खर्रर आवाज ऐकला की अंगावर काटा यायचा. आणि देखावा तर दुष्काळानं फुकट दिला होता. कोरडी विहीर, वाळून उभी राहिलेली बाभळ, कणसाशिवायचा कडबा वाऱ्यावर वाजतोय. एवढं भीतिदायक नेपथ्य मुंबईच्या कुठल्याही स्टुडिओला बांधता आलं नसतं. आपल्याला मात्र त्यासाठी काहीच करावं लागलं नाही, फक्त वर्षानुवर्षं आभाळाकडं बघत बसावं लागलं.

नायिका सोलापूरच्या नाटक कंपनीतली मालनबाई होती. बाई मोठ्या कष्टाळू. सिनेमाचा सगळा भार शेवटाकडच्या एका प्रसंगावर होता. मालनबाई एकटी विहिरीपाशी उभी आहे, मागून खर्रर खर्रर येतंय, ती वळते, खुनी कोयता उगारतो, आणि ती अशी किंचाळते की प्रेक्षकाची दातखीळ बसावी. मालनबाई वळली, तिनं तोंड उघडलं, आणि आतून फक्त हवा आली. आठ दिवस शिवारातली धूळ नाकातोंडात जाऊन तिचा गळा पार बसला होता. लिंबूपाणी झालं, ज्येष्ठमध झालं, हळदीच्या गुळण्या झाल्या. आवाज काही येईना.

वीरभद्र कपाळाला हात लावून बसला. तेवढ्यात लांबून, पाझर तलावाच्या कामावरून, एक आरोळी आली. ऐन उन्हात त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. "हे कोण?" त्यानं विचारलं. नबीलाल पोत्यातूनच म्हणाला, "भिमाबाई हायत की. सुरुंग उडवायच्या आदी वरडतेत."

इथं त्या कामावरची रीत सांगायला हवी. तलावाच्या खाणीत दगड फोडायला सुरुंग लावायचे. सरकारी नियमाप्रमाणं त्याआधी लाल झेंडा दाखवून शिट्टी वाजवायची. शिट्टी मुकादमाच्या नातवानं पळवली होती आणि झेंड्याचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. तेव्हा मुकादमानं भिमाबाईला उंचवट्यावर उभं केलं. ती पदर खोचून "सुरुंग हाऽऽऽय!" अशी आरोळी द्यायची, आणि बाया-पुरुष हातातलं काम टाकून जागच्या जागी उकिडवे बसायचे, मातीची पाटी पालथी करून डोक्यावर घ्यायचे. एकदा एक माणूस बसायला चुकला. त्याच्या खांद्यावर दगड आला आणि तो सहा महिने अंथरुणावर पडला. तेव्हापासून कुणी विचार करत थांबायचं नाही. ती आरोळी आली की डोकं नंतर चालायचं, गुडघे आधी वाकायचे. जन्मभर हळू बोल म्हणून ऐकलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यांदा ओरड म्हणून सांगितलं होतं. भिमाबाईला ते काम फार आवडायचं.

वीरभद्रनं तिला बोलावून आणलं. टेप लावला, माईक हातात धरला आणि म्हणाला, "मावशी, भ्यायल्यासारखं ओरडा."

भिमाबाई म्हणाली, "म्या भिऊन कवाच वरडले न्हाय बाबा. म्या वरडते ते दुसऱ्यानं भ्यावं म्हून."

"मग तसं ओरडा. फक्त 'सुरुंग' म्हणू नका. नुसतं शेवटचं 'आ' तेवढं द्या."

भिमाबाईनं पदर खोचला, पाय फाकवून उभी राहिली आणि 'आ' दिला. टेपचा काटा पार उजवीकडं जाऊन तिथंच थरथरत राहिला. वीरभद्रच्या हातातला माईक पडला. नबीलाल कोयत्यासकट खाली बसला. मैलभर लांब पाझर तलावावर सगळी माणसं डोक्यावर पाट्या घेऊन उकिडवी बसली, आणि कधीच न उडणाऱ्या सुरुंगाची वाट बघत अर्धा तास तशीच बसून राहिली. मुकादमानं त्या अर्ध्या तासाचा रोजगार कापला नाही, कारण तो स्वतःही बसला होता.

मालनबाईनं भिमाबाईचा हात धरला. बसलेल्या गळ्यानं म्हणाली, "पंचवीस वर्षं मी नाटकात ओरडतेय. असा आवाज नाही ऐकला बाई. ह्यांचं नाव लागलं पाहिजे हो पडद्यावर." वीरभद्र खरोखरच भारावला होता. "आईशप्पथ मावशी, तुमचं नाव येणार. किंचाळी : भिमाबाई कोंडिबा बनसोडे. मोठ्या अक्षरांत."

त्या दिवशी भिमाबाई घरी आली ती गुणगुणत. भाकरी थापता थापता कोंडिबाला म्हणाली, "पडद्यावर नाव येणार हाय माझं. वाचून दाकवशीला न्हवं?" कोंडिबा "हूं" म्हणाला. त्याच्याकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं.

सिनेमा तयार झाला. मार्गशीर्षात अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत पाशामियाँच्या तंबू टॉकीजमध्ये तो लावायचा होता. त्याआधी संचालक मंडळाची सभा झाली. सुरुवातीच्या पाट्यांमध्ये सगळ्या संचालकांची नावं, मग माजी संचालकांची, मग आशीर्वाद देणाऱ्यांची, मग ज्यांचे आशीर्वाद राहून गेले असते तर पुढच्या निवडणुकीत महागात पडलं असतं त्यांची. नावांत रीळ अर्धा संपला. वीरभद्रनं भीत भीत भिमाबाईचा विषय काढला. त्यावर एका संचालकानं असा मुद्दा मांडला की त्याला तोड नाही. तो म्हणाला, "त्या बाईचा आवाज तर आख्ख्या पंचक्रोशीत रोज फुकट ऐकू येतो. तो ऐकायला तिकीट कोण काढंल?"

सभा गंभीर झाली. महालिंगप्पांनी डोळे मिटले, उघडले, आणि ठराव सांगितला. सदर किंचाळी मुंबईहून मागवण्यात आली असं समजण्यात यावं. बिनविरोध मंजूर. अशा रीतीनं जळकोटच्या उन्हात दिलेली किंचाळी, एस्टीत न बसता, मुंबईला जाऊन आली.

भिमाबाईला हे कळलं ते टँकरच्या रांगेत. जाहिरातीचा टेम्पो धूळ उडवत आला आणि भोंगा ओरडला, "बघायला विसरू नका! मुंबईच्या बड्या कलावतीची, खास विमानानं मागवलेली, काळजाचं पाणी करणारी किंचाळी!" रांगेतल्या बायका भिमाबाईकडं बघायला लागल्या. तिची घागर भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. दुष्काळात टँकरचं पाणी असं सांडलं तर एरवी तिथं मारामारी झाली असती. त्या दिवशी मागच्या बाईनंच तिची घागर बाजूला घेतली.

घागर घरी ठेवून ती थेट चेअरमनच्या ओट्यापाशी गेली. "चेअरमनसाब, माजा आवाज मुंबईला कवा गेल्ता?"

महालिंगप्पा सुपारी कातरत होते. "भिमाबाई, हळू बोल. बैठक चालू आहे." बैठकीत ते आणि अडकित्ता असे दोघंच होते. "हे बघ, सहकारात माझं-तुझं नसतं. सगळं संस्थेचं. आवाज काय आणि दूध काय. तू दिलास, संस्थेत जमा झाला. आता तो कुठला म्हणायचा हे मंडळ ठरवणार."

"संस्थेत तर म्या न्हाय. म्हून तर आमच्याच मानसास्नी मारलं तुमी."

"सिनेमात, सिनेमात," महालिंगप्पा घाईघाईनं म्हणाले. "आणि एवढं काय त्यात? एक 'आ' तर आहे."

भिमाबाईला फार लागलं ते. चिडली असती तर बरं झालं असतं, पण तिला नुसतं रडू यायला लागलं. ज्या आवाजापायी जन्मभर बोलणी खाल्ली तो आवाज तिचा होता. बोलणी खायच्या वेळी कुणी म्हटलं नाही की हा मुंबईचा आहे. एकदा कुठं त्याचं कौतुक व्हायची वेळ आली, तर तो विमानानं आला. घरी आल्यावर ती कोंडिबाला म्हणाली, "सोडून द्यावं म्हंता का?" कोंडिबानं बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "सिनिमा तर बगून येऊ." त्यानंतर आठ दिवस भिमाबाई इतकी हळू बोलत होती की शेळ्या घरी यायच्या बंद झाल्या.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला तंबू खचाखच भरला. मधोमध कापडाचा पडदा, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, सगळे मातीत बसलेले. पुढं एकच खुर्ची, तिच्यावर महालिंगप्पा, गळ्यात हार. जळकोटचं तलावाचं आख्खं काम तिथं लोटलं होतं, कारण मेलेल्या प्रत्येकाला आपण कसे मेलो ते बघायचं होतं.

सिनेमा सुरू झाला. नावांच्या पाट्या संपेनात तेव्हा लोकांनी शेंगा सोलायला घेतल्या. मग पोत्यातला खुनी आला. पहिला खर्रर आवाज झाला तसा तंबू एकदम शांत झाला, दोन-चार पोरांनी आयांच्या मांडीत तोंडं खुपसली. हे सिनेमाचं पहिलं आणि जवळजवळ शेवटचं यश. कारण लगेच बायांच्या बाजूनं आवाज आला, "अगं, गुडग्यावरनं वळकू येतंय, नबीलालभाई हायत!" संपलं. पुढच्या खुनात कोयता उगारला तेव्हा एकजण ओरडला, "नबीलालभाई, माजी सायकल झाली का?" बब्रुवान मेला आणि खाजवायला लागला, तेव्हा खुद्द बब्रुवानच गडाबडा लोळून हसला. निळ्या अमावस्येला एक म्हातारा कपाळावर हात धरून लांब बघतो तेव्हा कुणीतरी म्हणालं, "चांदनं लई कडक पडलंय." महालिंगप्पा खुर्चीत ताठ बसून होते. त्यांना खात्री होती की अजून किंचाळी यायची आहे. त्यांनी मागं वळून बजावलंसुद्धा, "थांबा, आता मुंबईची येतेय."

कोरडी विहीर आली. कडबा वाजायला लागला. खर्रर, खर्रर. हसणं हळूहळू थांबलं. काही म्हणा, तो प्रसंग वीरभद्रला जमला होता. मालनबाई सावकाश वळली. तिचा चेहरा पडदाभर झाला. डोळे फाटले. तोंड उघडलं.

आणि नेमकं तेव्हा, तंबूबाहेर जत्रेतल्या पाळण्याकडं पळणाऱ्या कुणाच्या तरी पायात वायर अडकली आणि भोंगा बंद पडला. मालनबाईचं तोंड उघडंच. दात, जीभ, पडजीभ, सगळं दिसतंय. आवाज नाही. एक क्षण गेला, दुसरा गेला. मग पुरुषांच्या बाजूनं एकजण शांतपणे म्हणाला, "किंचाळीची एस्टी चुकली जनू."

तंबू फुटेल असं हसणं झालं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. बायांच्या बाजूला भिमाबाई बसली होती. सगळा सिनेमाभर तीही हसली होती, पण हे हसणं तिच्या उरात घुसलं. नाव कुणाचंही लावा, पण त्या उघड्या तोंडात यायचा होता तो आवाज तिचा होता, आणि लोक त्यालाच हसत होते. ती उठली. पदर खोचला. तिनं ठरवलं असं काही झालं नाही. सुरुंगाच्या वेळी ठरवत थोडंच बसायचं असतं?

तिनं आरोळी दिली.

पुढं काय झालं ते सांगायला तंबूत उभा असलेला माणूसच उरला नाही. हसणं तोडल्यासारखं थांबलं आणि शेकडो माणसं एकाच वेळी उकिडवी होऊन खाली वाकली. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं डोक्यावर घेतलं. कुणी टोपली, कुणी चप्पल, कुणी शेंगांचा पुडा. एकीनं शेजारणीचं तान्हं घेतलं, मग चूक लक्षात आल्यावर परत दिलं. मशीनपाशी पाशामियाँ फिल्मच्या डब्याचं झाकण डोक्यावर धरून बसला. पडद्यावर खुद्द खुनी कोयता उगारून उभा होता, आणि पडद्याखाली खुद्द नबीलाल पालथा पडला होता. बाहेर जत्रेत शेवभजी तळणारा कढई सोडून गाड्याखाली शिरला, तोही तलावाच्या कामावरचाच होता.

मग एकदम शांत झालं. धूळ खाली बसायला लागली. सगळे वाट बघत होते. त्या शांततेत पुढून एक दबका आवाज आला.

"उडाला का?"

लोकांनी माना वर केल्या. महालिंगप्पा उकिडवे बसले होते. गळ्यातला हार मातीत लोळत होता आणि त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची उचलून डोक्यावर धरली होती. तलावाच्या पाहणीला आल्यावर एकदा त्यांच्या टोपीवरून दगड गेला होता. त्या दिवसापासून त्यांचेही गुडघे डोक्याच्या आधी वाकत होते.

नबीलाल माती झटकत उठला. तो कधी कुणाला उलट बोलला नव्हता. पण म्हणाला, "चेअरमनसाब, मुंबईची बाई वरडली तर तुमी सुरुंगाला कशापायी भ्यायला?"

महालिंगप्पांनी खुर्ची खाली ठेवली. तिच्यावर बसावं की नाही हे त्यांना ठरवता येईना, आणि त्या क्षणी ठराव मांडायला मंडळही हजर नव्हतं. मागून बब्रुवान ओरडला, "भिमाबाईचा आवाज हाय हा! आमच्या भिमाबाईचा!" आणि मग जे हसणं उसळलं ते आधीच्या हसण्यासारखं नव्हतं. बाया भिमाबाईच्या पाठीवर थापा मारायला लागल्या. वरच्या आळीतल्या बायकांच्या केसांत अजून माती होती, त्यामुळं त्यांना नाकं मुरडता येईनात. वीरभद्र कोपऱ्यात उभा होता. त्यानं येऊन तिच्या पायाला हात लावला, आणि मामाकडं न बघता पाशामियाँच्या मशीनकडं गेला.

राहिलेल्या सिनेमात चेअरमन जीपमधून येतात, सहकारावर भाषण करतात, आणि ते ऐकून खुनी कोयता टाकून संस्थेचा भागधारक होतो. भोंगा बंद असल्यामुळं ते भाषण कुणाला ऐकू आलं नाही. सिनेमाचं दुसरं बलस्थान म्हणून हेही नोंदवायला हरकत नाही.

पाशामियाँ धंद्याला पक्का. खेळ मोडला असं लोकांना वाटायच्या आत त्यानं मध्यंतरात पडद्यावर दाखवायच्या जाहिरातीची एक काच पुसली, तिच्यावर शाईनं काहीतरी लिहिलं आणि ती मशीनसमोर धरली. पांढऱ्या पडद्यावर वाकडीतिकडी अक्षरं उमटली. तंबूत वाचता येणारे थोडेच होते, आणि ज्यांना येत होतं ते महालिंगप्पांच्या तोंडाकडं बघत गप्प होते. भिमाबाई त्या अक्षरांकडं टक लावून बघत राहिली. तिला त्यातलं एकही ओळखता येत नव्हतं. मधल्या कापडाच्या पलीकडं आपला नवरा कुठं बसलाय हेही तिला दिसत नव्हतं.

पलीकडं पुरुषांच्या गर्दीत एक माणूस उभा राहिला. त्यानं घसा खाकरला.

"किंचाळीऽऽ!" तो ओरडला. आवाज चिरका होता, वापरात नसलेला. पहिल्या शब्दाला फाटला, पण तो थांबला नाही. "किंचाळीऽऽ! भिमाबाई! कोंडिबा! बनसोडेऽऽ! राहणार जळकोट!"

'राहणार जळकोट' काचेवर नव्हतं. ते त्यानं स्वतःच्या पदरचं घातलं. आख्खा तंबू वळून बघायला लागला, हा कोण म्हणून. गावानं कोंडिबाचा आवाज ऐकला तो असा. त्यानं सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं, आणखी मोठ्यांदा.

भिमाबाईनं मधलं कापड बाजूला सारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर पदर होता.

"अवो," ती कुजबुजली, "हळू की जरा. मानसं ऐकतेत."

"ऐकू दे," कोंडिबा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा वाचायला लागला.